हजारो छायाचित्रे संकेतस्थळासाठी लहान करायची आहेत: क्रम, साधने आणि फाइल-प्रकार यांबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न : पर्णनोंद

नमस्कार.

वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या आमच्या गटाचा छायाचित्रसंग्रह संकेतस्थळावर चढवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. छायाचित्रे अठरा हजारांच्या आसपास आहेत. त्यांतील बहुतांश ६००० × ४००० पिक्सेलची, कॅमेऱ्यातून थेट आलेली जेपेग आहेत आणि प्रत्येक फाइल साधारण ८ ते १२ एमबीची आहे. काही सहकाऱ्यांनी आयफोनवर काढलेली एचईआयसी छायाचित्रे दिली आहेत, जुन्या छापील छायाचित्रांचे स्कॅन टिफमध्ये आहेत, तर नमुन्यांवरील चिठ्ठ्या आणि रेखाचित्रे पीएनजीमध्ये आहेत.

यादीच्या पानावर लहान चित्र, नोंदीच्या पानावर ८०० पिक्सेल रुंदीच्या स्तंभात मावणारे चित्र आणि त्यावर क्लिक केल्यावर उघडणारे मोठे चित्र, अशी तीन ठिकाणे संकेतस्थळाच्या रचनेत आहेत. इंटरनेट संथ असले तरी मोबाइलवर नोंदीचे पान लवकर उघडले पाहिजे, ही आमची पहिली अट आहे. मात्र पानाच्या कडेचे दाते किंवा देठावरची लव दिसलीच नाही, तर छायाचित्र ठेवण्याचा हेतूच उरत नाही, त्यामुळे तपशील गमावूनही चालणार नाही.

थोड्या छायाचित्रांवर चाचणी घेतली तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. उभी काढलेली काही छायाचित्रे आडवी झाली, आणि काहींचे रंग, विशेषतः लाल आणि गडद हिरवा, मूळ छायाचित्राच्या मानाने फिके दिसू लागले. हे कशामुळे होते, किती रुंदी आणि किती दर्जा ठेवावा, कोणते साधन वापरावे, आणि जेपेगवरच थांबावे की वेबपी किंवा एव्हिफ या नव्या फाइल-प्रकारांकडे वळावे, याबद्दल अनुभवी सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : मूळप्रत

आपण सांगितलेल्या दोन्ही लक्षणांचे मूळ बहुधा एकच आहे. फाइलमधील माहिती अमलात आणण्याआधीच ती काढून टाकली गेली आहे.

कॅमेरा उभा धरला तरी सेन्सरवरचे पिक्सेल आडव्या क्रमानेच फाइलमध्ये लिहिले जातात, आणि चित्र कोणत्या दिशेने दाखवायचे याची सूचना एक्झिफमध्ये, म्हणजे छायाचित्रासोबत फाइलमध्येच साठवलेल्या माहितीत, १ ते ८ यांपैकी एका आकड्याने नोंदवली जाते. उदाहरणार्थ, तिथे ६ असेल तर दाखवताना चित्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ९० अंशांत फिरवायचे असते. फाइल हलकी करण्यासाठी एक्झिफ पुसले की ही सूचनाही जाते आणि छायाचित्र आडवे पडते. रंगांचेही तसेच आहे. आयफोन ७ पासूनचे आयफोन डिस्प्ले पी३ या विस्तृत रंगव्याप्तीत छायाचित्रे टिपतात, आणि अनेक कॅमेऱ्यांत अॅडोबी आरजीबी निवडण्याची सोय असते. फाइलसोबतचे रंगवर्णन, म्हणजे आयसीसी प्रोफाइल, काढून टाकले तर ब्राउझर ते आकडे एसआरजीबीचे, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या, कमी विस्तृत रंगव्याप्तीचे आहेत असे धरून चालतो आणि रंग फिके दिसतात.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी छायाचित्र प्रत्यक्ष फिरवून सरळ करावे, मग रंग एसआरजीबीमध्ये रूपांतरित करावेत, त्यानंतर लांबी-रुंदी कमी करावी, लहान करताना आलेला मऊपणा घालवण्यासाठी अगदी हलके शार्पनिंग द्यावे आणि शेवटी एकदाच दाबून साठवावे. फाइलमधील नको असलेली माहिती हे सगळे झाल्यावर काढावी. शार्पनिंगची त्रिज्या एक पिक्सेलच्या आत असावी, अन्यथा पानांच्या कडांभोवती पांढरी रेघ उमटते आणि ती वनस्पतीचाच भाग वाटण्याचा धोका असतो. एचईआयसी छायाचित्रांचा गट मात्र वेगळा तपासावा. त्या प्रकारात फिरवण्याची सूचना एक्झिफबाहेरही असते आणि काही रूपांतरक चित्र फिरवूनही एक्झिफमधील जुना आकडा तसाच ठेवतात, त्यामुळे ते पुढच्या टप्प्यात पुन्हा फिरते.

आता मापांविषयी. लोक दर्जाचा आकडा (जेपेग साठवताना साधनात निवडायचा, १०० पर्यंतचा) ८० ठेवावा की ७५, यावर फार वेळ घालवतात, पण खरी बचत लांबी-रुंदीत आहे. ६००० × ४००० म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल होतात, आणि १६०० × १०६७ म्हणजे जेमतेम १७ लाख. पिक्सेलची संख्या चौदाव्या हिश्श्यावर येते, आणि तरीही ८०० पिक्सेलच्या स्तंभात, दुप्पट घनतेच्या पडद्यावरसुद्धा, चित्र पूर्ण स्पष्ट दिसते. माझ्या मते ४८०, ८०० आणि १६०० अशा तीन रुंद्या कराव्यात आणि मोठ्या चित्रासाठी २४०० ची चौथी प्रत ठेवावी. पानाच्या एचटीएमएलमध्ये या प्रती चित्राच्या टॅगमधील एसआरसीसेट या गुणधर्मात त्यांच्या रुंदीसह द्याव्यात आणि सायझेस या गुणधर्मात स्तंभाची रुंदी सांगावी, म्हणजे कोणती प्रत उतरवायची हे ब्राउझर स्वतः ठरवतो. विड्थ आणि हाइट हे गुणधर्म लिहिणे टाळू नये, कारण त्यांवरून चित्र येण्याआधीच त्याची जागा राखली जाते आणि वाचता वाचता मजकूर खाली सरकत नाही. खालच्या चित्रांना लोडिंग या गुणधर्माची लेझी (म्हणजे गरज पडेल तेव्हाच उतरवणे) ही किंमत द्यावी. पान उघडताच समोर दिसणाऱ्या पहिल्या चित्राला ती देऊ नये, अन्यथा तेच उशिरा येते. प्रतिइंच ७२ बिंदू ठेवण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो, परंतु तो आकडा छपाईपुरता आहे आणि पडद्यावरच्या चित्रावर किंवा फाइलच्या आकारावर त्याचा परिणाम होत नाही.

प्रत्येक रुंदीची प्रत मूळ फाइलवरूनच बनवावी, १६०० च्या जेपेगवरून ८०० ची बनवू नये. १९९२ पासून प्रमाणित असलेले जेपेग तंत्र चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारकाव्यांचे आकडे ठोकळ करून साठवते. ही काटछाट प्रत्येक साठवणीत नव्याने होते.

दर्जाचा आकडा ७५ ते ८२ च्या दरम्यान ठेवून सुरुवात करावी. नव्वदीच्या पुढे फाइल झपाट्याने फुगते आणि डोळ्यांना फरक क्वचितच जाणवतो. हा आकडा सर्व साधनांत सारखा नसतो, हेही ध्यानात घ्यावे. फोटोशॉपच्या साठवण्याच्या खिडकीतील ० ते १२ ही मोजपट्टी वेगळी आहे आणि एव्हिफचा ६० म्हणजे जेपेगचा ६० नव्हे. म्हणून सर्व छायाचित्रांवर काम सुरू करण्यापूर्वी कठीण अशी पंचवीस-तीस छायाचित्रे निवडावीत. दाट गवत, नेचे, धुक्यातले आकाश, झाडाखालची अंधारी सावली आणि गडद लाल पाकळ्या त्यांत असाव्यात, आणि निकाल मोठा करून न पाहता, पानावर दिसणार आहे त्याच मापात पाहावा. लाल पाकळ्या मी मुद्दाम सांगतो आहे. जेपेगमध्ये रंगाची माहिती सहसा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्या घनतेने साठवली जाते, याला ४:२:० म्हणतात, आणि इमेजमॅजिक हे आज्ञांनी चालणारे साधन दर्जा ९० च्या खाली असताना आपोआप तसे करते. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल पाकळीची बारीक कड असेल तर ती कड त्यामुळे चिघळल्यासारखी दिसते. अशा छायाचित्रांसाठी ४:४:४, म्हणजे रंगाची माहिती पूर्ण घनतेने साठवणे, निवडावे. फाइल थोडी मोठी होईल, पण फुलाची कड शाबूत राहील.

साधनांपैकी इमेजमॅजिक सर्वत्र मिळते, परंतु त्यातील मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फाइलवरच नवी फाइल लिहिते. पाथ हा पर्याय देऊन निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावा, आणि त्याआधी मूळ संग्रहाची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून ती केवळ वाचता येईल अशी करावी. मापानंतर '>' हे चिन्ह लिहिले तर केवळ मोठी चित्रे लहान होतात आणि आधीच लहान असलेली उगाच ताणली जात नाहीत. मात्र ते माप चिन्हासह अवतरणात लिहावे, कारण लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये तेच चिन्ह निकाल फाइलमध्ये वळवण्याचे काम करते.

आपली संख्या पाहता मी लिबव्हिप्स या साधनाची शिफारस करेन. २ कोटी ४० लाख पिक्सेलचे छायाचित्र ८ बिटांच्या तीन रंगांत उलगडले तरी ७२ एमबी मेमरी लागते, आणि इमेजमॅजिकची नेहमीची आवृत्ती आतला हिशेब १६ किंवा अधिक बिटांत करत असल्यामुळे तिला याच्या किमान दुप्पट लागते. एकाच वेळी आठ छायाचित्रे चालवली की संगणक अडखळू लागतो. लिबव्हिप्स चित्र तुकड्यातुकड्याने वाचते, आणि त्याची व्हिप्सथंबनेल ही आज्ञा जेपेग उलगडतानाच ते निम्म्या, चौथाई किंवा आठव्या हिश्श्याच्या मापात वाचण्याची सोय वापरते, त्यामुळे वेळ आणि मेमरी दोन्ही वाचतात.

उत्तर : खिडकीकाम

मूळप्रत यांनी सांगितलेला क्रम अचूक आहे. ज्यांना आज्ञा लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी एवढेच जोडतो की एक्सएनकन्व्हर्ट हे साधन विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि त्यात कृती एकाखाली एक रचून तोच क्रम साधता येतो. विंडोजवर इर्फानव्ह्यूची बॅच खिडकीही पुरेशी आहे. स्क्वूश हे ब्राउझरमधले साधन एका वेळी एकच चित्र घेते, म्हणून मोठ्या कामाला ते उपयोगी नाही, परंतु मधली पट्टी सरकवत मूळ आणि दाबलेले चित्र शेजारी शेजारी पाहता येत असल्यामुळे कठीण छायाचित्रांवर दर्जाचा आकडा ठरवण्यासाठी ते उत्तम आहे.

माझी खरी काळजी फाइलच्या नावांविषयी आहे, कारण एवढ्या संख्येत तिथेच सर्वांत जास्त नुकसान होते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा १ वर येतो. अठरा हजार छायाचित्रांत, त्यातही अनेक जणांच्या कॅमेऱ्यांतून आलेल्या, एकाच नावाच्या दोन-तीन फाइल्स असणारच. सर्व निकाल एका फोल्डरमध्ये ओतले तर नंतरची फाइल आधीच्या फाइलवर लिहिली जाते आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. याच प्रकारचा दुसरा धोका म्हणजे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची एक एचईआयसी आणि एक जेपेग असणे, कारण रूपांतरानंतर दोघांचे नाव एकच होते. यासाठी मूळची फोल्डररचना निकालातही तशीच ठेवावी, किंवा नावाच्या आरंभी छायाचित्र काढल्याची तारीख, वेळ आणि छायाचित्रकाराचे आद्याक्षर जोडावे.

तसेच विंडोज मोठ्या आणि लहान लिपीतील इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही, पण लिनक्सचा सर्व्हर करतो. कॅमेऱ्याने मोठ्या अक्षरांत लिहिलेला फाइलचा शेवट आणि पानात लहान अक्षरांत लिहिलेला दुवा घरच्या संगणकावर जुळतात आणि सर्व्हरवर जुळत नाहीत. नावे सुरुवातीलाच लहान अक्षरांत आणि मधल्या रिकाम्या जागांऐवजी आडव्या रेघा घालून बदलून घ्यावीत.

उत्तर : संकोचनविद्या

फाइल-प्रकारांविषयी लिहितो, कारण त्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.

वेबपी हा प्रकार गूगलने २०१० मध्ये आणला आणि तुल्य दर्जाच्या जेपेगपेक्षा तो २५ ते ३४ टक्के लहान असल्याचे गूगल सांगते. साध्या जेपेगशी तुलना केली तर हे पटण्यासारखे आहे. मोझिलाने २०१४ मध्ये आणलेल्या मोझजेपेग या सुधारित एन्कोडरने (चित्र दाबून फाइल बनवणाऱ्या साधनाने) बनवलेल्या जेपेगशी तुलना केली, तर मध्यम आणि मोठ्या छायाचित्रांत हा फायदा बराच आक्रसतो. शिवाय तपशील गाळून दाबलेल्या वेबपीत रंग नेहमी ४:२:० याच पद्धतीने साठवले जातात, म्हणजे वर ज्या लाल पाकळ्यांचा उल्लेख आला त्यांच्यासाठी ४:४:४ निवडण्याची मोकळीकच राहत नाही. आपल्या संग्रहासाठी वेबपीचा टप्पा वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एव्हिफची गोष्ट वेगळी आहे. तो एव्ही१ या व्हिडिओ तंत्रावर आधारलेला असून क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून आणि सफारीमध्ये २०२२ पासून चालतो. कमी आकारात तो आकाश, भिंत, धुके अशा सपाट भागांचे चित्रण जेपेगपेक्षा पुष्कळ चांगले करतो आणि त्यात ४:४:४ ही ठेवता येते. अडचणी दोन आहेत. एक म्हणजे तो बनवायला वेळ लागतो, आणि अठरा हजार छायाचित्रे गुणिले चार रुंद्या म्हणजे बहात्तर हजार फाइल्स होतात, त्यामुळे एन्कोडरचा वेग दर्शवणारा आकडा मध्यम ठेवावा लागेल. दुसरी अडचण आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. दर्जा कमी ठेवला की जेपेगमध्ये चौकोन आणि कडांभोवतीची थरथर दिसू लागते, म्हणजे बिघाड निदान कळतो. एव्हिफ मात्र बारीक पोत गुळगुळीत करून टाकतो आणि चित्र स्वच्छ, नीटनेटके दिसत राहते. पानाच्या पाठीवरची लव पुसली गेली तर पाहणाऱ्याला ते पान मुळातच गुळगुळीत होते असे वाटेल आणि त्यावरून वनस्पतीची ओळखच चुकू शकेल. म्हणून ४८० आणि ८०० च्या प्रती एव्हिफमध्ये कराव्यात, पिक्चर या टॅगमध्ये त्यांच्या मागे जेपेगचा पर्याय ठेवावा, आणि तपशील पाहण्यासाठी उघडली जाणारी २४०० ची प्रत मोझजेपेगने, ४:४:४ ठेवून, थोड्या चढ्या दर्जाने बनवावी. १६०० चे कोणत्या बाजूला टाकायचे ते लव असलेल्या पानांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून आपणच ठरवावे.

चिठ्ठ्या आणि रेखाचित्रे यांना जेपेग करू नये. पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांभोवती राखाडी ठिपक्यांचा धूर जमतो. पीएनजीतच ठेवून, पीएनजीक्वांटने रंग २५६ किंवा त्याहून कमी करावेत आणि मग ऑक्सिपीएनजीने कोणताही तपशील न गमावता आणखी दाबावे. स्कॅन केलेल्या टिफपैकी काही १६ बिटांच्या किंवा अनेक पानांच्या असू शकतात, त्या आधी वेगळ्या काढाव्यात.

प्रश्नकर्ता : पर्णनोंद

तिघांचेही मनापासून आभार. लहान प्रतींसाठी एव्हिफ आणि मोठ्या प्रतीसाठी जेपेग ही विभागणी आमच्या कामाला अगदी योग्य वाटते.

एक प्रश्न राहिला आहे. प्रत्येक छायाचित्रात छायाचित्रकाराचे नाव आणि हक्काची नोंद राहिलीच पाहिजे, कारण त्याच अटीवर सहकाऱ्यांनी छायाचित्रे दिली आहेत. त्याच वेळी दुर्मीळ वनस्पती नेमक्या कुठे आहेत हे कोणालाही कळता कामा नये, नाहीतर त्या उपटून नेल्या जातात. फाइलमधील माहिती काढण्याचा पर्याय एक तर सगळेच काढतो किंवा सगळेच ठेवतो. यातून मार्ग कसा काढावा?

उत्तर : नोंदराखण

यासाठी एक्झिफटूल हे फाइलमधील माहिती वाचण्याचे आणि बदलण्याचे साधन वापरावे. केवळ जीपीएसचे रकाने पुसून समाधान मानू नये, कारण ठिकाण इतरत्रही नोंदलेले असू शकते: एक्सएमपीमध्ये, आयपीटीसीच्या शहर आणि उपस्थान या रकान्यांत (एक्सएमपी आणि आयपीटीसी हे एक्झिफसारखेच माहितीचे आणखी दोन कप्पे), वर्णनाच्या ओळीत, आणि कधीकधी फोल्डरच्या किंवा फाइलच्या नावातही. नको ते शोधून काढत बसण्यापेक्षा सर्व माहिती पुसावी आणि मग मूळ फाइलवरून केवळ हवे असलेले रकाने परत लिहावेत, म्हणजे एक्झिफमधील कलाकार आणि हक्क हे दोन, त्यांचेच आयपीटीसी आणि एक्सएमपीमधील जोडरकाने. रंगवर्णन मात्र मूळ फाइलचे न घेता तयार प्रतीतील एसआरजीबीचेच ठेवावे. एक्झिफटूलमध्ये एका फाइलवरून दुसऱ्या फाइलमध्ये निवडक रकाने नेण्याची सोय आहे, आणि ती संपूर्ण फोल्डरवर एकाच आज्ञेत चालते. सर्व पुसण्याचा आणखी एक लाभ असा की एक्झिफच्या आत दडलेले लघुचित्रही जाते. मूळ छायाचित्र नंतर कापलेले असेल, तर कापून टाकलेला भाग, म्हणजे ठिकाण ओळखू येईल असा मैलाचा दगड किंवा फलक, त्या लघुचित्रात शिल्लक असू शकतो.

संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर मूळ फाइल्स तिथे कधीही चढवू नयेत. २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या चित्राची लहान प्रत करून तीच वापरते, परंतु मूळ फाइल सर्व्हरवरच राहते, आणि पत्त्याचा अंदाज बांधून ती कोणीही, जीपीएससकट, उतरवून घेऊ शकतो. आपल्या संगणकावर पूर्ण तयार झालेल्या प्रतीच वर जाव्यात. वर्डप्रेस त्यांवरून स्वतःची मापे पुन्हा काढू लागले तर मोझजेपेगवर घेतलेले सर्व कष्ट वाया जातात, म्हणून ती सोय बंद करून घ्यावी.

एवढ्या मोठ्या कामात स्क्रिप्ट मध्येच थांबणार, हे धरूनच ती लिहावी. निकालाची फाइल आधीच असेल आणि मूळ फाइलपेक्षा नवी असेल, तर तिला वगळून पुढे जावे. नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी आणि ती पूर्ण झाल्यावरच खरे नाव द्यावे, नाहीतर वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेली फाइल पूर्ण झालेल्यांत मोजली जाते.

काम संपल्यावर प्रत्येक रुंदीच्या फाइल्सची संख्या मूळ संख्येशी जुळते का ते आधी पाहावे. खिडकीकाम यांनी सांगितलेली नावांची टक्कर झाली असेल तर ती इथेच उघडी पडते. मग फाइल्स आकारानुसार लावून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अशा पन्नास-पन्नास डोळ्यांनी तपासाव्यात. सर्वांत लहानांत काळी पडलेली आणि रिकामी चित्रे सापडतात, तर सर्वांत मोठ्यांत अंधारात काढलेली, दाणेदार छायाचित्रे असतात, कारण दाण्यांना दाबता येत नाही. अशा छायाचित्रांवर लहान करण्यापूर्वी हलके दाणेनिवारण केल्यास त्यांचा आकार बराच खाली येतो. शेवटी निकालाच्या संपूर्ण फोल्डरवर एक्झिफटूल चालवून जीपीएसचा रकाना असलेल्या फाइल्सची यादी मागवावी. ती यादी पूर्ण रिकामी आल्याशिवाय एकही छायाचित्र वर चढवू नये.